उनासी की नवासी : ऑफिसातल्या टोमण्यांची लेखी तक्रार करताना

हे लिहायला मी दीड वर्ष घेतलं. कारण सरळ आहे. मी अजून त्याच ऑफिसात कामाला आहे, आणि प्रकरण गरम असताना लिहिलं असतं तर ते नुसतं भांडण झालं असतं. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्याकडेही तेच सुरू आहे. "तू तेव्हा नक्की काय केलंस गं? कुठे जायचं असतं?" तिला सांगता सांगता लक्षात आलं की तारखा मला अजून पाठ आहेत. म्हणून बसले लिहायला.

आमचा कारखाना इंदुरात सांवेर रोडच्या औद्योगिक भागात आहे. पॅकिंगचा माल बनतो, साठेक माणसं आहेत. मी डिस्पॅचला. माल गाडीत चढला की चलान, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल (माल रस्त्याने न्यायला जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा परवाना, त्यावर गाडीचा नंबर असतो), गेट पास, सगळं माझ्या टेबलावरून जातं. शेजारचं टेबल बिलिंगचं. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे भैया म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. नाव कुणाचंच देणार नाही. आमच्या दोघांत धड चालणारा संगणक एक आणि ई-वे बिलाचा लॉगिनही एकच. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

जानेवारी २०२४ मध्ये शेठजींनी योजना आणली. महिनाअखेरीस बिलिंग आणि डिस्पॅच यांपैकी ज्या टेबलाच्या चुका कमी, त्या टेबलाला १,५०० रुपये. मोठी रक्कम नव्हे, पण मुलाच्या शिकवणीची फी निघते. तोवर चूक झाली की "अरे, जल्दी सुधारो" म्हणून विषय संपायचा. आता प्रत्येक चुकीला मालक लागायला लागला. ती कुणाची तरी असायलाच हवी, आणि ती शेजारच्या टेबलाची ठरली तर १,५०० आपले.

फेब्रुवारीत नागपूरची एक गाडी निघाली. ड्रायव्हरने फोनवर गाडीचा नंबर सांगितला, शेवट "नवासी". ई-वे बिलावर पडलं ७९. आता ही गंमत मराठी माणसालाच कळेल. हिंदीत उनासी म्हणजे एकोणऐंशी आणि नवासी म्हणजे एकोणनव्वद. जन्म इंदुरातला, बाजारहाट हिंदीत, स्वप्नंसुद्धा अर्धी हिंदीत, पण पाढे आजीने मराठीत शिकवले आणि आकडे डोक्यात अजून मराठीतच मोजले जातात. फोन मी घेतला होता हे नक्की. टाइप कुणी केलं, मी की भैयांनी, हे मला तेव्हाही शपथेवर सांगता आलं नसतं. दोघंही त्याच लॉगिनमधून काम करत होतो आणि संध्याकाळचे सात वाजले होते.

गाडी वाटेत तपासणीत अडली. सुदैवाने चूक एका आकड्याची होती. गाडीच्या नंबरातल्या एकदोन आकड्यांच्या चुकीला मोठा दंड न लावता १,००० रुपयांवर सोडायचं, असं जीएसटीचं १४ सप्टेंबर २०१८ चं परिपत्रक आहे. (डिस्पॅचच्या मंडळींनी हे प्रिंट काढून खणात ठेवा. ६४/३८/२०१८ हा त्याचा क्रमांक.) एक रात्र गेली, हजार रुपये गेले. हजार माझ्या पगारातून कापले.

हजाराचं एवढं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी "हज़ार वाली मॅडम" झाले. लोडिंगच्या पोरांपासून चहावाल्यापर्यंत. भैया कॅल्क्युलेटर पुढे करून विचारायचे, "मॅडम, नौ के बाद क्या आता है?" मी टेबलाशी आले की "पेशवाई आ गई" म्हणून खुर्च्या सरकवल्या जायच्या. मग ट्रान्सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मी एक दिवस बाहेर. विचारलं तर, "अरे, गलती से हो गया होगा." आठवड्याने परत घेतलं, पण त्या आठवड्यात तीन गाड्यांचे बदललेले नंबर मला कळलेच नाहीत. टोमणा मनाला लागतो, पण निरोप दाबून ठेवला की कामच बिघडतं. आणि काम बिघडलं की नव्या टोमण्याची सोय होते.

मी काही बोलले नाही. (हे खरं नाही. पण ते पुढे येईल.)

२८ मार्च, गुरुवार. शनिवारी रंगपंचमी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सुट्टी. आणि रविवारी आर्थिक वर्षाची अखेर, म्हणजे कामाचा डोंगर. आमच्याकडे होळीच्या दिवसांत सगळ्यांना गमतीच्या उपाध्या द्यायची पद्धत आहे, टायटल म्हणतात. चार वाजता पॅकिंग हॉलमध्ये सगळे जमले. कागदी प्लेटमध्ये कचोरी, प्लॅस्टिकच्या ग्लासात ठंडाई. भैया खुर्चीवर उभे राहून वाचत होते. शेठजींना "दिलदार सरकार", मशीनवाल्या काकांना "तेल-पानी मंत्री". हशा. मग माझी पाळी. त्यांनी खिशातून वेगळा कागद काढला, म्हणजे हे घरून लिहून आणलेलं होतं. "हमारी हज़ारीबाई. इनका एक-एक अंक हज़ार का. गिनती मराठी में, जुर्माना हिंदी में!" आणि माझ्या गळ्यात माळ घातली. रद्द झालेल्या ई-वे बिलांच्या कागदांची, पंचिंग मशीनने भोकं पाडून सुतळीत ओवलेली.

सगळे हसले. शेठजी हसले. मीही हसले, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. माळ काढावी की नाही ते कळेना, म्हणून तशीच कचोरी खाल्ली. सुतळी मानेला टोचत होती. घरी आल्यावर आरशात लाल रेघ दिसली. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, स्कार्फ घासला.

एप्रिल वाईट गेला. पहाटे तीनला जाग यायची आणि डोक्यात गाड्यांचे नंबर फिरायचे. छातीत जळजळ. डॉक्टरांचे ५०० आणि गोळ्यांचे ३४०. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "नोकरीत काही चाललंय का?" मी नाही म्हणाले. महिन्यात चार रजा टाकल्या, ज्या मी वर्षात टाकत नाही. चुका वाढल्या. एरवी मी नंबर एकदा बघते, आता पाच वेळा बघायची आणि पाचव्यांदा चुकवायची. घरी मुलावर डाफरायची. एका रात्री टेलिमानसला, १४४१६ ला, फोन लावला. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. वीसेक मिनिटं एक बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी उपाय असा काही दिला नाही. "हे सगळं तारखेनुसार लिहून काढता येईल का?" एवढं विचारलं.

तेच सकाळी अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे सासरे, हुकुमचंद मिलचे कामगार. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगार तीस वर्षांहून जास्त भांडले. २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींचा धनादेश दिला गेला, सुमारे ४,८०० कामगारांच्या नावाने. त्यातले कितीतरी तोवर वारले होते. अण्णांकडे पत्र्याच्या डब्यात हजेरीचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं जपलेलं. मी स्वयंपाकघरात रडत होते ते त्यांनी पाहिलं. काही विचारलं नाही. एक जुनी शंभरपानी वही आणून ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "तारीख टाक. वेळ टाक. कोण होतं ते टाक. तुला काय वाटलं ते शेवटी."

त्या वहीनेच पुढे मला तारलं. त्यामुळे माझ्या मैत्रिणीलाही पहिलं हेच सांगितलं. रोज घरी आल्यावर लिही, आठवड्याचं साठवून नको, आणि समोरच्याचे शब्द त्याच्याच भाषेत उतरव. "अपमान केला" असं लिहिलं तर तो तुझा निष्कर्ष झाला. "नौ के बाद क्या आता है, असं चार जणांसमोर विचारलं" ही घटना झाली. तक्रार ऐकणाऱ्या समितीपुढे घटना चालते.

६ मे ला मॅनेजरसाहेबांकडे तोंडी गेले. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आपस में समझ लो. परिवार जैसा है अपना." मी बाहेर पडायच्या आत त्यांनी भैयांना इंटरकॉम लावला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवा टोमणा तयार : "धीरे बोलो, शिकायत हो जाएगी." तेव्हा तोंडी सांगायचंच असेल तर त्याच संध्याकाळी ईमेलवर दोन ओळी टाका, की आज अमुक वाजता अमुक विषयावर आपल्याशी बोलले. मी ते केलं नाही. नंतर साहेबांना ते बोलणं "ठीक से याद नहीं" होतं.

आठवडा निवडणुकीत गेला, इंदुरात १३ मे ला मतदान होतं. २१ मे ला अर्ध्या दिवसाची रजा काढून मी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. हे फार कमी बायकांना माहीत असतं : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. दोन तास बाकावर बसले, पंखा होता पण वारा नव्हता. मग एका वकील बाईंनी वही पुढे ओढली आणि पंधरा मिनिटं न बोलता वाचली.

त्यांनी आधी एक गोष्ट साफ केली. मी समजत होते की २०१३ च्या कायद्याची, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लागणारी, अंतर्गत समिती माझ्यासाठी आहे. "ती लैंगिक छळासाठी. तुमच्या वहीत तसं काही आहे?" नव्हतं. "मग तिथे ओढूनताणून नेऊ नका. खऱ्या गरजेच्या बाईची वाट बिघडते." (कुणाचं तसं असेल, तर तिथे तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. समितीला उशिराचं कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात.) नुसत्या टोमण्यांसाठी, खाली दाखवण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-सी प्रमाणे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. मालकाकडचे आणि कामगारांकडचे सदस्य निम्मे-निम्मे, जास्तीत जास्त सहा जण, आणि लेखी अर्जापासून ४५ दिवसांत काम पुरं करायचं. "तुम्ही कामगारात बसता का ते बघू," म्हणून त्यांनी नेमणूकपत्र मागितलं. कारकुनी काम यात बसतं, देखरेखीचं पद आणि ठरावीक मर्यादेवरचा पगार असेल तर बसत नाही. माझ्या पत्रावर "डिस्पॅच असिस्टंट" होतं. इतकी वर्षं मला ते पद हलकं वाटायचं, त्या दिवशी कामी आलं.

आज हे वाचणाऱ्यांसाठी : २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. समिती तिथेही आहे, सदस्य दहापर्यंत असू शकतात, आणि मुदत ३० दिवसांची झाली. तेव्हा माझे ४५ दिवस धरून बसू नका.

अर्ज मी तीनदा लिहिला. पहिला अकरा पानांचा होता, त्यात माझं बालपणही होतं. वकील बाईंनी फोनवर सांगितलं, दोन पानं करा, सात घटना निवडा, आणि शेवटी काय हवंय ते लिहा. हा शेवटचा मुद्दा मला जड गेला. काय हवं होतं मला? त्यांना काढून टाकावं, असं रात्री वाटायचं. सकाळी त्यांच्या दोन मुली आठवायच्या. शेवटी लिहिलं : वेगळा लॉगिन, चुकांच्या बक्षिसाचा फेरविचार, सार्वजनिक चेष्टा बंद आणि कापलेले हजार परत.

१२ जूनला अर्ज दिला. ऑफिसातला माणूस पोच द्यायला तयार होईना, "रख दो, देख लेंगे." मी तिथेच उभी राहिले नाही. जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन दुसरी प्रत स्पीड पोस्टने पाठवली, अठरा रुपयांच्या आत काम झालं. पावतीवर तारीख आली, आणि पंचेचाळीस दिवस तिथून मोजले. झेरॉक्सचे चाळीस रुपये.

समिती कागदावर होती. नोटीस बोर्डावर, कॅलेंडरच्या मागे, २०२१ ची यादी. सहापैकी दोघं नोकरी सोडून गेलेले. ती परत बनवण्यात दहा दिवस गेले, आणि त्या दहा दिवसांत ऑफिसात माझ्याशी कुणी बोललं नाही. लोक वाईट नव्हते, साक्षीला बोलावतील म्हणून घाबरले होते. डबा मी गोडाऊनच्या पायरीवर खायचे.

२४ जूनला पहिली बैठक. मी वही वाचली. माळेचं वाचताना आवाज गेला, समितीतल्या पॅकिंगच्या मावशींनी पाणी पुढे केलं. भैया म्हणाले, "होली का मज़ाक था. मॅडम खुद हँस रही थीं." हे खरंच होतं. पुढची तारीख ८ जुलै, साक्षींसाठी.

मधला रविवार, ३० जून. नणंदेची मुलगी घरी आली. ती इथेच विद्यापीठात एमबीए करते, तिला प्रकल्पासाठी फॉर्म भरून घ्यायचे होते. विषय, कामाच्या जागी माणसं एकमेकांशी वाकडं का वागतात. मला वाटलं, देवच धावून आला. मामीइतका अनुभव कुणाला? पेन घेऊन बसले.

ही प्रश्नावली रेबेका बेनेट आणि सँड्रा रॉबिन्सन या दोघींनी २००० साली केलेली, असं ती म्हणाली. ऑफिसच्या विरुद्ध केलेल्या गोष्टींचे बारा प्रश्न आणि माणसांविरुद्धचे सात. मी सातांकडे वळले आणि थबकले. प्रश्न "तुमच्याशी कुणी असं वागलं का" असे नव्हतेच. गेल्या वर्षभरात *तुम्ही* असं किती वेळा वागलात, असे होते. एक म्हणजे कधीच नाही, सात म्हणजे रोज.

"मामी, खरं भरा हं. नाव नाही लिहायचं."

कामावर कुणाची चेष्टा केली? केली होती. भैयांच्या हिंदीतल्या 'स' आणि 'श' ची नक्कल मी लोडिंगच्या पोरांना करून दाखवायची. वर्षातून अनेक वेळा. कुणाला लागेल असं बोललात? हो. जात, धर्म, वंश यावरून शेरा? माझं पेन तिथे बराच वेळ थांबलं. मार्चमध्ये मी भैयांना म्हटलं होतं, "यह इंदौर है, भिंड-मुरैना नहीं." ते भिंडचे आहेत, आणि तो चंबळचा भाग डाकूंच्या नावाने बदनाम. वहीत हे नव्हतं. शिव्या? नाही. वाईट खोडी? एका गाडीवाल्याने भैयांसाठी फोनवर निरोप दिला होता, पार्टीला बिल सुधारून हवं होतं. मी तो दोन दिवस दिला नाही. ग्रुपमधून काढल्याचा सूड. त्याला मी "विसरले" असं नाव ठेवलं होतं. उद्धटपणे वागलात? हो. आणि सातवा : चारचौघांत कुणाला खजील केलंत?

माझ्या हाताखाली एक मुलगी होती, बावीस वर्षांची, पहिलीच नोकरी. एप्रिलमध्ये तिने बिल्टीची प्रत चुकीच्या फाइलला लावली. ट्रक उभा, ड्रायव्हर, हमाल, सगळे बघत असताना मी तिला म्हटलं, "दिमाग़ घर रखकर आई हो क्या?" तिने मान खाली घातली आणि फाइल सोडवायला लागली. तिची बोटं थरथरत होती, पिना निघत नव्हत्या. मी ते पाहिलं होतं. पाहून वळले.

माझं उत्तर पाच की सहा यावर मी अडले होते. पोरीने विचारलं, "मामी, रडताय का?"

मग तिने चहा केला आणि तिच्या अभ्यासातलं सांगितलं. १९९९ साली अँडरसन आणि पिअरसन या दोन संशोधकांनी मांडलंय की ऑफिसातला असभ्यपणा जिन्यासारखा गोल फिरत वर चढतो. एक टोमणा, त्याला दुसरा, आणि प्रत्येकाला वाटतं मी फक्त उत्तर देतोय. चढता चढता तो तिसऱ्यावर सांडतो, ज्याचा काही संबंध नाही आणि जो उलट बोलू शकत नाही. तिने कागदावर काढलेली आकृती मी वहीत चिकटवली आहे. सिद्धांत शिकायला मला पन्नाशीजवळ यावं लागलं, पण "सासूने सुनेवर, सुनेने मांजरावर" हे आजी आमची नेहमीच म्हणायची.

त्या रात्री वहीत उलट्या बाजूने लिहायला घेतलं. माझ्या घटना. पाच निघाल्या, तारखा अंदाजे.

८ जुलैला साक्ष त्या मुलीची होती. मीच तिचं नाव दिलं होतं, माळ घातली तेव्हा ती शेजारी उभी होती. तिने सगळं खरं सांगितलं. मग समितीच्या एका सदस्याने सहज विचारलं, "और कुछ?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दीदी भी डाँटती हैं. सबके सामने." खोलीत नुसता कूलर वाजत होता. भैया खुर्चीत जरा सरळ झाले.

मी वही उलटी केली आणि मागची पानं वाचली. पाचही. भिंडचं वाचताना भैयांकडे बघायची हिंमत झाली नाही. वकील बाईंना नंतर सांगितलं तर त्या चिडल्याच, "तुमची केस तुम्हीच कच्ची केलीत." असेल. कुणी माझं अनुकरण करा असं मी म्हणत नाही. समोरचा ऐकणारा नसेल, तर हे अंगाशी येऊ शकतं. माझं मात्र तेवढं वाचून झाल्यावर पहिल्यांदा भैया टोमणा न मारता बोलले. नऊ वर्षं ते इथे होते. डिस्पॅचचं टेबल त्यांना मिळणार असं शेठजींनी सांगितलेलं. मग मला आणलं, दोन हजार जास्त देऊन. "किसी ने बताया भी नहीं. सोमवार को आया तो मॅडम बैठी थीं." मी पाच वर्षं त्या खुर्चीवर बसत होते आणि हे मला माहीत नव्हतं. यामुळे माळ माफ होत नाही. पण ती कुठून आली ते कळलं.

२० जुलैला निर्णय आला, अर्जापासून अडतिसाव्या दिवशी. एक पान, हिंदीत. भैयांना लेखी समज. मला तोंडी समज आणि त्या मुलीची माफी. ई-वे बिलासाठी दोघांना वेगळे लॉगिन, जे बनवायला प्रत्यक्षात वीस मिनिटं लागली. चुकांचं बक्षीस बंद, त्याऐवजी दोन्ही टेबलांच्या मिळून चुका ठरावीक आकड्याखाली राहिल्या तर दोघांनाही ७५०. आणि लॉगिन एकच असल्यामुळे चूक कुणाची हे ठरवता येत नाही, म्हणून कपात परत. ऑगस्टच्या पगाराच्या चिठ्ठीत "अन्य" या रकान्यात १,००० आले. ती चिठ्ठी अण्णांनी मागून घेतली आणि डब्यात ठेवली.

माझा सगळा खर्च : डॉक्टर, गोळ्या, झेरॉक्स, पोस्ट, रिक्षा मिळून दीड हजारांच्या आसपास, आणि साडेचार दिवस रजा.

त्या मुलीची माफी मी मागितली, सगळ्यांसमोर, कारण बोलले सगळ्यांसमोर होते. ती "कोई बात नहीं दीदी" म्हणाली. सप्टेंबरमध्ये तिने नोकरी सोडली. दुसरीकडे पगार जास्त आहे म्हणाली, आणि असेलही. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. दिवाळीला मेसेजला हात जोडल्याचं चिन्ह आलं.

भैया आणि मी मित्र वगैरे झालो नाही. जेवायला वेगळे बसतो. पण निर्णयात एक नियम होता, की ई-वे बिल पक्कं करण्याआधी गाडीचा नंबर एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचा, एकेक आकडा सुटा. दिवसातून बारा-पंधरा वेळा आम्ही हे करतो. परवा नागपूरचीच गाडी होती. भैया कागद धरून वाचत होते. शेवटच्या दोन आकड्यांपाशी जरा थांबले.

"आठ," ते म्हणाले. मी पडद्यावर बोट ठेवलं.

"हो."

"नौ."

"हो. नऊ."